ईबेवर विकताना हातात काय उरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातली जुनी कॅमेऱ्याची लेन्स, वडिलांनी जमवलेली पोस्टाची तिकिटं, पोरांनी टाकून दिलेले व्हिडिओ गेम. अमेरिकेत राहणारी मराठी माणसं हे सगळं ईबे या ऑनलाइन बाजारात विकतात आणि पहिल्या महिन्याचा हिशोब हातात आला की चिडतात. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. फीचे आकडे अमेरिकेतल्या ईबेचे, २०२५ मध्ये लागू झालेले आणि स्वतःचं 'स्टोअर' न घेतलेल्या साध्या विक्रेत्याचे आहेत.

फी नेमकी किती लागते? कोणी १० टक्के सांगतं, कोणी १५.

बहुतेक प्रकारच्या मालावर १३.६ टक्के. पुस्तकं आणि सिनेमांच्या डिस्कवर त्याहून जास्त, १५.३ टक्के. शिवाय दर ऑर्डरमागे १० डॉलरपर्यंत ३० सेंट आणि त्यापुढे ४० सेंट. माल मांडण्याची फी महिन्याला पहिल्या २५० नगांना नाही, पुढे प्रत्येकी ३५ सेंट.

पण चिडचिड या दरामुळे होत नाही. हा दर कशावर लागतो ते कळल्यावर होते. तो वस्तूच्या किमतीवर नाही, गिऱ्हाईक भरतो त्या एकूण रकमेवर लागतो. म्हणजे किंमत, पोस्टेज आणि वर सरकारचा विक्रीकर.

लेन्स ४० डॉलरला गेली, पोस्टेज ६ डॉलर, गिऱ्हाइकाच्या राज्याचा कर समजा ८ टक्के, म्हणजे ३.६८. एकूण झाले ४९.६८ डॉलर. त्याचे १३.६ टक्के ६.७६, वर ४० सेंट, फी झाली ७.१६. पोस्टाचे ६ डॉलर पोस्टात गेले, कर सरकारकडे गेला, तुमच्या हातात ३२.८४. चाळीस डॉलरच्या वस्तूवर सव्वासात डॉलरच्या आसपास गेले, म्हणजे जवळजवळ १८ टक्के. आता ३ डॉलरची वस्तू ४ डॉलर पोस्टेज लावून विका. त्याच हिशोबाने फी १.३३ डॉलर. तीनातले १.६७ उरले, आणि खोका व चिकटपट्टी तुमच्याच खिशातून. स्वस्त वस्तू सुट्या विकूच नका, चार-सहा एकत्र बांधून लॉट करा.

पोस्टेजवर फी कशाला? ते पैसे मला कुठे मिळतात?

हा नियम अमेरिकेत जुलै २०११ पासून आला, आणि खरं सांगायचं तर त्यात विक्रेत्यांचाही हात आहे. त्याआधी फी फक्त वस्तूच्या किमतीवर होती. त्यामुळे काही चतुर मंडळी वस्तू १ डॉलरला आणि पोस्टेज ४० डॉलर असं लावत. फी १ डॉलरवर बसे, गिऱ्हाईक मात्र ४१ मोजे. वाट बुजवायची म्हणून कंपनीने सगळ्यांच्या पोस्टेजवर फी बसवली. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

करावरच्या फीला मात्र असं काही स्पष्टीकरण नाही. कर कंपनीच गोळा करते, कंपनीच राज्याला भरते, विक्रेत्याच्या खात्याला तो शिवतही नाही. एकूण रक्कम गिऱ्हाइकाकडून घेण्याचा खर्च त्या रकमेवर येतो, हा युक्तिवाद कार्डावरच्या दोन-तीन टक्क्यांपुरता पटतो. १३.६ टक्क्यांना तो पुरत नाही.

सुरुवातीला हे सगळं फुकट होतं म्हणतात, खरं का?

काही महिनेच. पिएर ओमिद्यार या प्रोग्रॅमरने सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे 'ऑक्शनवेब' नावाने ही साइट सुरू केली. पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. गर्दी वाढली तशी इंटरनेट कंपनीने त्याचं महिन्याचं बिल ३० डॉलरवरून २५० वर नेलं, आणि ते भागवायला त्याने विक्रीवर थोडा हिस्सा मागायला सुरुवात केली. लोकांनी पाकिटात घालून, प्रामाणिकपणे पाठवून दिला.

फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फीडबॅक' आला. घेणारा विकणाऱ्याबद्दल लिहील, विकणारा घेणाऱ्याबद्दल. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि वस्तूची वाट बघायची, हा सगळा व्यवहार त्या दुहेरी शेऱ्यांवर उभा होता. जुन्या विक्रेत्यांना आपण या साइटचे गिऱ्हाईक नसून सभासद आहोत असं जे वाटायचं, ते इथून आलं. आजचा सगळा राग समजून घ्यायचा असेल तर ही भावना लक्षात ठेवावी लागते. मॉलमधल्या गाळ्याचं भाडं वाढलं म्हणून माणूस वैतागतो. पण ज्या संस्थेच्या पायाचे दगड आपण वाहिले तिने एक दिवस भाड्याची पावती हातात ठेवली, तर तो दुखावतो.

पहिला मोठा भडका कधी उडाला?

२००५ च्या सुरुवातीला. बेसिक स्टोअरचं महिन्याचं भाडं ९.९५ डॉलरवरून १५.९५ झालं आणि स्टोअरमधल्या विक्रीवरची फी ५.२५ टक्क्यांवरून ८ वर गेली. इतकी ओरड झाली की ईबेच्या उत्तर अमेरिका विभागाचे प्रमुख बिल कॉब यांना विक्रेत्यांना पत्र लिहावं लागलं. माल मांडायची सर्वांत खालची फी ३० सेंटवरून २५ वर आणली गेली. पाच सेंट परत मिळाले, वाढ जिथल्या तिथे राहिली.

२००८ चा उल्लेख सगळे करतात. तेव्हा असं काय झालं?

जानेवारी २००८ मध्ये ईबेच्या प्रमुख मेग व्हिटमन पायउतार होणार हे जाहीर झालं आणि जॉन डोनाहो यांच्याकडे सूत्रं जाणार हे ठरलं. त्याच महिन्याच्या शेवटी डोनाहो यांनी बदलांची यादी सांगितली.

पहिला बदल पैशांचा. माल मांडायची फी कमी केली आणि विक्रीनंतरची फी पहिल्या २५ डॉलरवर ५.२५ टक्क्यांवरून ८.७५ टक्के केली. २५ डॉलरच्या वस्तूवर १.३१ डॉलर जात होते, ते २.१९ झाले. कंपनीने याची जाहिरात 'फी कपात' अशी केली. ज्यांचा माल विकला जात नव्हता त्यांच्यासाठी ती खरोखरच कपात होती. ज्यांचा रोज विकला जात होता, त्यांनी गणित मांडलं आणि कपाळावर हात मारला.

दुसरा बदल जास्त झोंबला. मे २००८ पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट किंवा मधला शेरा देता येईना. द्यायचा तर चांगलाच, नाहीतर गप्प बसायचं.

कंपनीची बाजू खोटी नव्हती. विक्रेते शेऱ्याचा वचपा काढत. गिऱ्हाइकाने 'वस्तू फुटकी आली' असं खरं लिहिलं की विक्रेता त्याच्या नावावर 'भांडखोर, पैसे बुडवे' असा शेरा ठोके. त्या भीतीने गिऱ्हाइकं खरं लिहीत नव्हती आणि सगळ्यांचेच गुण ९९ टक्के दिसत होते. रोग खरा होता. औषध म्हणून विक्रेत्यांपैकी गुंड कोण ते न शोधता सगळ्यांचंच तोंड बांधलं. गिऱ्हाइकाने मात्र 'अर्धे पैसे परत दे, नाहीतर वाईट शेरा देतो' असं धमकावलं तर काय, याचं तेव्हा एकच उत्तर होतं: तक्रार नोंदवा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तिसरी गोष्ट २००७ मध्येच आली होती, ती आता चावायला लागली. गिऱ्हाईक चार बाबतींत पाचपैकी तारे देई: वर्णन, संवाद, पाठवण्याची तत्परता, पोस्टेज. चार तारे म्हणजे आपण चांगलेच दिले असं गिऱ्हाइकाला वाटे. आपल्याकडे ८० टक्के म्हणजे डिस्टिंक्शनच की! पण मोठ्या विक्रेत्यांना फीमध्ये सवलत हवी तर सरासरी ४.६ च्या खाली येऊन चालत नव्हती. समाधानी गिऱ्हाइकाचे चार तारे विक्रेत्याला महागात पडत.

माझ्या मते दुखरी गोष्ट फीची नव्हतीच. कंपनीने त्या वर्षी ठरवलं की आपलं गिऱ्हाईक म्हणजे विकत घेणारा, आणि विकणारा हा माल पुरवणारा. धंदा म्हणून ते कदाचित बरोबरही असेल. पण बारा वर्षं 'आपला समाज, आपला समाज' ऐकलेल्या लोकांना ते परिपत्रकातून कळलं.

मग बहिष्कार टाकला होता ना? काही उपयोग झाला?

१८ ते २५ फेब्रुवारी २००८, आठवडाभर. विक्रेत्यांनी माल मांडायचा नाही असं ठरवलं. मांडलेल्या मालाची संख्या घटली असं विक्रेत्यांच्या बाजूचे लोक सांगत होते, कंपनी म्हणत होती काही फरक पडला नाही. फी २० फेब्रुवारीला, म्हणजे बहिष्काराच्या ऐन मध्यात, ठरल्याप्रमाणे लागू झाली. शेऱ्यांचा नियमही आला तो आजतागायत आहे.

फसण्याचं कारण साधं होतं. तुम्ही आठवडाभर लेन्स मांडली नाहीत तर दुसऱ्याची लेन्स वर दिसते आणि त्याला जास्त भाव येतो. संप फोडणाऱ्याला बक्षीसच.

सगळे मिळून दुसऱ्या साइटवर का जात नाहीत?

प्रयत्न झाले. याहूने १९९८ मध्ये आणि ॲमेझॉनने १९९९ मध्ये लिलाव सुरू केले. याहूचे लिलाव फुकट होते. २००१ च्या सुरुवातीला त्यांनी माल मांडायला पैसे मागितले आणि मांडलेला माल धडाधड ओसरला, पुढे फी काढून टाकूनही तो परतला नाही. २००७ मध्ये याहूने अमेरिकेतला हा धंदा गुंडाळला. विकणारा तिथे जातो जिथे घेणारे आहेत, घेणारा तिथे जिथे माल आहे. दोघेही एकमेकांकडे बघत एकाच जागी उभे राहतात.

अपवाद चीनचा. ईबेने तिथली ईचनेट ही कंपनी २००३ पर्यंत पूर्ण विकत घेतली होती. त्याच वर्षी अलीबाबाने ताओबाओ काढली आणि विक्रेत्यांकडून फी घेणार नाही असं जाहीर केलं. वर घेणाऱ्या-विकणाऱ्यांना आपसात गप्पा मारायची, घासाघीस करायची सोय दिली. घासाघीस न करता खरेदी करणं तिथल्या माणसाला आपल्या तुळशीबागेतल्या बायकांइतकंच अवघड जात असावं. २००६ च्या अखेरीस ईबेने चीनमधली आपली साइट बंद केली.

मी 'परत घेणार नाही' असं स्पष्ट लिहिलंय. तरी वस्तू परत कशी येते?

'नो रिटर्न्स' याचा अर्थ एवढाच की गिऱ्हाइकाला नुसतं मन बदललं म्हणून परत करता येणार नाही. 'वर्णनाप्रमाणे नाही' हा पर्याय त्याने निवडला की ईबेची मनी बॅक गॅरंटी लागू होते, आणि परतीचं पोस्टेजही तुम्हीच भरता. लबाड गिऱ्हाईक हाच पर्याय निवडतं, हे सांगायला नकोच.

तीन कामाच्या दिवसांत उत्तर द्या. गप्प बसलात तर गिऱ्हाईक ईबेला मध्ये बोलावतं आणि निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर तो तुमच्या नावावर मांडला जातो. बॉक्स बंद करताना अनुक्रमांकासह फोटो आणि छोटा व्हिडिओ काढून ठेवा. त्याने प्रत्येक वेळी जिंकालच असं नाही, पण लेन्सच्या जागी दुसरी बुरशी आलेली लेन्स परत आली तर हातात काहीतरी असतं. ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरला सहीनिशी डिलिव्हरी घ्याच, नाहीतर 'मिळालंच नाही' म्हणणाऱ्यापुढे तुमचा बचाव उरत नाही.

बोली जिंकली आणि पैसेच देत नाही. काय करू?

चार दिवस थांबा, मग 'पैसे दिले नाहीत' या कारणाखाली ऑर्डर रद्द करा. फी परत मिळते. दुसरं कारण निवडलंत तर खापर तुमच्यावर फुटू शकतं. लिलावाची रंगत, मागे पडलेला खरा बोलीवाला, तो आठवडा, हे काही परत मिळत नाही.

'बिलो स्टँडर्ड' असा निरोप आला. म्हणजे काय?

दर महिन्याच्या २० तारखेला तुमचं मूल्यमापन होतं. डिफेक्ट (म्हणजे मुख्यतः तुम्ही रद्द केलेल्या ऑर्डरी आणि तुम्ही न सोडवलेल्या तक्रारी) २ टक्क्यांवर गेले, किंवा तुम्ही न सोडवलेल्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या, की तुम्ही खालच्या वर्गात. मग शोधात मागे पडता आणि नेहमीच्या फीशिवाय एकूण रकमेच्या आणखी ६ टक्क्यांचा भुर्दंड. म्हणून गोदामात सापडत नसलेला माल मांडून ठेवू नका, सहज रद्द केलेली ऑर्डर इथे मोजली जाते.

जाहिरात लावली नाही तर माल दिसतच नाही, असं का वाटतं?

कारण बऱ्याच प्रमाणात ते खरं आहे. 'प्रमोटेड लिस्टिंग्ज'मध्ये टक्का तुम्ही ठरवता आणि तो फीच्या वर लागतो, एकूण रकमेवर. वरच्या लेन्सला ५ टक्के लावले तर २.४८ डॉलर आणखी गेले, हातात ३०.३६. शेजारचा ५ लावतो म्हणून तुम्ही ७ लावता, तो ९. वस्तूवरचे लिलाव कमी झाले आणि जागेचा लिलाव सुरू झाला, असं मला वाटतं. दुर्मिळ वस्तूला जाहिरात लावू नका, ती शोधणारा नावानेच शोधत येतो.

याच धाटणीची आणखी एक गोष्ट: मार्च २०१९ पासून ठरावीक किमतीचा माल तुम्ही काढेपर्यंत दर महिन्याला आपोआप नव्याने मांडला जातो. मोफत नग संपले असतील तर ३५ सेंटही आपोआप लागतात. महिन्यातून एकदा झाडलोट करा.

पेपलची सक्ती होती, ती गेली का?

ईबेने २००२ मध्ये पेपल दीड अब्ज डॉलरला घेतली, तेव्हापासून विक्रेते म्हणत की एका खिशात फी, दुसऱ्या खिशात पैसे घेण्याची फी. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये जवळजवळ फक्त पेपलच चालेल असा नियम आणायचा प्रयत्न झाला. तिथल्या स्पर्धा आयोगाने आक्षेप घेतला आणि जुलैत ईबेने माघार घेतली. विक्रेत्यांच्या बाजूने लागलेला निकाल म्हणून मला तरी हाच आठवतो, आणि तो बहिष्काराने नाही, कायद्याने लागला.

पेपल २०१५ मध्ये वेगळी झाली. २०१८ पासून ईबे ॲडियन या डच कंपनीच्या मदतीने पैसे स्वतःच घेऊ लागली आणि ते थेट तुमच्या बँकेत येतात. सक्ती गेली नाही, नाव बदललं.

भारतातही ईबे होतं ना? त्याचं काय झालं?

मुंबईतल्या बाझी डॉट कॉमपासून सुरुवात. २००० मध्ये निघालेली ही लिलावाची साइट ईबेने २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. इथे पैसापे नावाची सोय होती: गिऱ्हाइकाचे पैसे मध्ये थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसलेल्या बाजाराला ती अगदी साजेशी होती. २०१७ मध्ये धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे डॉट इन बंद झाली.

भारतातून परदेशी गिऱ्हाइकाला विकणं मात्र चालू आहे. दोन गोष्टी सांभाळा. १०० वर्षांहून जुनी वस्तू, त्यात नाणीही आली, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आजोबांच्या पेटीतली शिवराई ईबेवर मांडायची नाही. आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी काढली आहे. जकात कोण भरणार ते आधी ठरवा, नाहीतर पार्सल नाकारलं जातं आणि 'मिळालं नाही'चा दावा तुमच्यावर.

ब्रिटनमध्ये विक्रेत्याला फी नाही म्हणे?

खासगी विक्रेत्याला नाही, ऑक्टोबर २०२४ पासून. त्याआधी मार्च २०२३ मध्ये जर्मनीतही तसंच झालं. पण फेब्रुवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये गिऱ्हाइकाकडून 'बायर प्रोटेक्शन फी' घेतात, आणि ती दिसणाऱ्या किमतीतच मिसळलेली असते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हाचा वाद आठवा. पावतीवरचं नाव बदललं तरी खरेदीदार तेवढी बोली खाली धरतोच. तरीही फरक पडतो: आपल्या हातचा पैसा कापला गेला, हे डोळ्यांनी बघावं लागत नाही.

शेवटी, लिलाव लावू की ठरावीक किंमत?

विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव आधी बघा. सारखी वस्तू महिन्याला दहा-वीस जात असेल तर ठरावीक किंमत लावा. ज्या वस्तूचा भाव कोणालाच माहीत नाही आणि जिच्या मागे निदान दोन वेडे असतील अशी खात्री आहे, तिचाच लिलाव. सुरुवातीची बोली तेवढीच ठेवा जेवढ्याला द्यायची तुमची खरोखर तयारी आहे. बोली येऊनही भाव चढेना म्हणून मध्येच लिलाव बंद केलात तर विकल्यासारखी फी लागू शकते, आणि शेवटच्या बारा तासांत तर आलेल्या बोली रद्द करून तो बंदही करता येत नाही. ९९ सेंटपासून सुरू केलेली लेन्स एकाच बोलीवर थांबली तर ती ९९ सेंटला, नीट गुंडाळून, वेळेत पाठवायची. वाईट शेरा द्यायचा अधिकार गिऱ्हाइकाकडे आहे.